वहिनीच्या व्हॉल्व्हचा नंबर

ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला हलवताना जी चिठ्ठी मिळाली, तिच्यावर वहिनीच्या हृदयाबद्दल एवढंच होतं: 'आरएचडी, एमव्हीआर' आणि पुढे प्रश्नचिन्ह. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेलं हृदय, आणि मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला व्हॉल्व्ह, बहुधा बदललेली. बहुधा! जिच्या छातीत २०११ सालापासून कृत्रिम झडप आहे, रात्री घर शांत झालं की जिच्या शेजारी बसणाऱ्याला त्या झडपेची टिकटिक ऐकू येते, तिच्याबद्दल एका सरकारी दवाखान्याने दुसऱ्या सरकारी दवाखान्याला कळवलेली माहिती ही एवढी. त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर शोधायला आम्हा घरच्यांना जे करावं लागलं ते लिहितो आहे. दवाखान्यांची नावं आणि आमचा तालुका सांगत नाही. माणसं बहुतेक ठिकाणी चांगली भेटली. बिघाड त्यांच्या पलीकडचा आहे, आणि तो आमच्या तालुक्यात आहे तसाच किनाऱ्यावरच्या बाकीच्या तालुक्यांतही आहे.

आमच्याकडे मोठं दुखणं निघालं की माणूस मुंबईला जातो. नातेवाईक तिथे, नोकऱ्या तिथे, पालिकेची मोठी रुग्णालयंही तिथे. दादा तेव्हा भांडुपला राहायचा, एका कंपनीत कामाला. वहिनीला जिना चढताना दम लागायला लागला, तपासण्या झाल्या आणि पालिकेच्या रुग्णालयात तिचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनचा खर्च पालिकेचा, पण व्हॉल्व्ह आम्हाला विकत घ्यायचा होता. रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकारी बाईंनी एका धर्मादाय ट्रस्टकडे अर्ज करायला लावला, त्यांनी बराचसा भार उचलला. हा ट्रस्ट पुढे पुन्हा येईल. २०२० च्या टाळेबंदीत दादा आणि वहिनी गावी आले आणि इथेच राहिले. माणूस गावी आला. त्याच्या आजाराची नोंद मुंबईतच राहिली. कोकणातल्या हजारो घरांची हीच गोष्ट आहे. ज्याने उमेदीची वर्षं मुंबईत घालवली, त्याच्या मधुमेहाची, अँजिओप्लास्टीची, किडनीची सगळी फाईल मुंबईत, आणि म्हातारपणी ताप आला तर उभा राहणार तो गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात.

धातूकार्बनचा असा व्हॉल्व्ह बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. वहिनीला वॉरफेरिन चालू आहे. गोळी कमी पडली तर व्हॉल्व्हवर गुठळी होते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. जास्त झाली तर रक्त थांबत नाही. मधला रस्ता अरुंद आहे आणि तो आयएनआर नावाच्या रक्ततपासणीने कळतो. मायट्रल जागी असा व्हॉल्व्ह असेल तर तो आकडा साधारण २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवतात, नुसत्या महाधमनीच्या जागी असेल तर सहसा २ ते ३. म्हणजे कुठली झडप बदलली एवढंही माहीत नसेल, तर गोळी किती द्यायची इथपासून अडतं.

गेल्या पावसाळ्यात लावणीचे दिवस होते. वहिनीला जुलाब सुरू झाले. शेतावरून परस्परच ती आरोग्य केंद्रात गेली. तिने सांगितलं की हृदयाचं ऑपरेशन झालंय आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. बाहेर पावसाळी तापाचे पेशंट व्हरांड्यापर्यंत उभे होते. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाचा हंगाम, प्रत्येक तापाकडे नीट बघावं लागतं. डॉक्टर एकटे होते, शिक्षणानंतरच्या बंधनकारक सरकारी सेवेच्या बंधपत्रावर आलेले, वयाने लहान. त्यांनी ओआरएस आणि मेट्रोनिडाझोल लिहून दिलं. जुलाबाला सर्रास देतात ते औषध. पण मेट्रोनिडाझोलने वॉरफेरिनचा परिणाम वाढतो. हे वैद्यकाच्या पुस्तकातलं जुनं ज्ञान आहे, त्या डॉक्टरांनाही ते ठाऊक असणारच. त्यांच्यापुढे 'वॉरफेरिन' हा शब्द लिहिलेला नव्हता, एवढंच झालं.

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तो शब्द त्याच इमारतीत होता. वहिनी या केंद्रात आधीही गेलेली होती, आणि तेव्हाच्या डॉक्टरांनी गोळीचं नाव स्पष्ट लिहून घेतलं होतं. तो केसपेपर घरी होता. केंद्राकडे राहते ती ओपीडीची नोंदवही: तारीख, अनुक्रमांक, नाव, वय, गाव, आजार, औषध. आधीच्या भेटीची ओळ शोधायची तर ती तारीख माहीत हवी. नोंदवही तारखेप्रमाणे भरलेली असते, माणसाप्रमाणे नाही. त्यामुळे गावातला माणूस वीस वर्षं त्याच केंद्रात जात असला तरी खिडकीवर तो दर वेळी नवाच असतो.

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. सातबारा, आठ अ, दाखले हे माझं रोजचं काम. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. जमिनीचा गट नंबर एकदा पडला की पुढची खरेदी, वारस, बोजा, सगळे फेरफार त्याच नंबराला येऊन चिकटतात. जमीन विकली गेली, मालक मुंबईत गेला, तलाठी बदलला, तरी नंबर तोच. तहसीलदाराला पन्नास वर्षांपूर्वीचा व्यवहार बघायचा असेल तर बघता येतो. तुकड्याला हे जमतं. त्या तुकड्यात चिखल तुडवणाऱ्या बाईला का नाही? दर खेपेला नवा नंबर, नवा कागद. मागचं काहीच त्याच्यापाशी येत नाही.

औषध सुरू झाल्यावर काही दिवसांनी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग पाळी आली आणि थांबेना. चक्कर येऊन ती मागच्या पडवीत बसली, तेव्हा १०८ ला फोन केला. लाईट गेलेली, पाऊस धो धो, रस्त्यावर झाड पडलेलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दादा तिचा हात धरून बसला होता. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि लगेच म्हणाले, "मेटॅलिक क्लिक येतोय. काकी, कुठला व्हॉल्व्ह?" वहिनी म्हणाली, "तोच, जो वाजतो तो." याहून जास्त तिला कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं.

आयएनआर ७ च्या वर निघाला. सलाईन, वॉरफेरिनचा परिणाम उतरवणारं व्हिटॅमिन के, आणि प्लाझ्मासाठी जिल्ह्याला पाठवायचं ठरलं. तीस खाटांच्या त्या रुग्णालयात जेवढं होण्यासारखं होतं तेवढं त्यांनी जीव तोडून केलं. पण जी चिठ्ठी सोबत आली तिच्यावर आयएनआरचा आकडा नव्हता, व्हिटॅमिन के किती आणि कधी दिलं ते नव्हतं. ते सगळं वॉर्डातल्या पेपरवर होतं आणि तो पेपर रुग्णालयाचा, तो तिथेच राहणार. चिठ्ठी वेगळी, पेपर वेगळा. मी सिस्टरना विचारून त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला. त्यांनी आजूबाजूला बघून "काढा पटकन" म्हटलं. तो फोटो नसता तर जिल्ह्याला पोचल्यावर मध्यरात्री काय सांगितलं असतं, कल्पना करवत नाही. पेशंटचं औषध पेशंटच्या पुढच्या डॉक्टरला कळावं, यासाठी एका सिस्टरला आजूबाजूला बघावं लागतं. इतकी साधी गोष्ट चोरून का करावी लागावी?

जिल्ह्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून. नवा केसपेपर, नवा आयपीडी (भरती झालेल्या पेशंटचा) नंबर, पुन्हा रक्त. तीन-चार तासांपूर्वीचे रिपोर्ट असताना रक्तस्राव होणाऱ्या बाईचं पुन्हा सगळं रक्त काढलं. आयएनआर पुन्हा करायलाच हवा होता, ते मान्य. पण रक्तगट, कावीळ, एचआयव्ही, शुगर, क्रिएटिनिन? "बाहेरचे रिपोर्ट आम्ही धरत नाही," असं उत्तर. बाहेरचे म्हणजे त्याच खात्याच्या दुसऱ्या इमारतीतले.

इथे थोडं खोलात जातो, कारण हे मलाही त्या वॉर्डात बसून बसून समजलं. आपण 'सरकारी दवाखाना' म्हणतो, पण सरकार एक नाही. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, प्रमुख जिल्हा शल्य चिकित्सक. वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. मुंबईची मोठी रुग्णालयं महापालिकेकडे. तळकोकणातले लोक गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात जातात, तिथे राज्यच बदलतं. प्रत्येकाचे रजिस्टर वेगळे, नंबर वेगळे, कागदाचा आकारसुद्धा वेगळा. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार मोफत झाले, ही फार मोठी गोष्ट झाली आणि आमच्यासारख्यांना तिचा खरोखर आधार वाटतो. पण मोफत मिळालेला कागद पुढच्या दारात चालत नाही.

रक्तस्राव थांबला. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या, रक्त पातळ करणारी गोळी कायमची बंद करता येत नाही आणि गाठींमुळे दर महिन्याला असंच होणार, पिशवी काढलेली बरी. ऑपरेशनसाठी वॉरफेरिन थांबवून मधल्या दिवसांत हेपारिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची इंजेक्शनं द्यायची, मग परत वॉरफेरिन. जोखमीचं, पण होण्यासारखं. भूलतज्ज्ञांनी फिटनेस मागितला. २डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. एकोत मायट्रल व्हॉल्व्ह दिसला, म्हणजे चिठ्ठीवरचं निम्मं प्रश्नचिन्ह गेलं. पण व्हॉल्व्हवरचा दाब, ज्याला ग्रेडियंट म्हणतात, तो अपेक्षेपेक्षा जास्त होता.

फिजिशियननी दादाला आणि मला बाजूला बसवून नीट समजावलं. दाब दोन कारणांनी जास्त असू शकतो. एक, व्हॉल्व्हवर गुठळी किंवा पेशींचा थर वाढतोय. तसं असेल तर हे ऑपरेशन आत्ता करायचं नाही, आधी तेच बघायला हवं. दोन, मुळातच व्हॉल्व्ह लहान मापाचा बसवलाय, आणि दाब पहिल्या दिवसापासून एवढाच आहे. "मला २०११ च्या ऑपरेशनची नोट द्या किंवा डिस्चार्जच्या वेळचा एको द्या. व्हॉल्व्हचं माप कळलं तरी चालेल," ते म्हणाले. "ते कळलं की मी ठरवतो."

एक आकडा. मुंबईतल्या कुठल्यातरी फायलीत तो नक्की होता.

घरी ट्रंकेत वहिनीची फाईल होती. लोक म्हणतात कागद जपून ठेवावेत. आमच्याकडे चार महिने भिंती घामेजतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा घराघरांतल्या फायलींचा लगदा झाला. वहिनीने तिची फाईल प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून ठेवलेली. तरीही डिस्चार्ज कार्डाची शाई पसरली होती आणि ऑपरेशनचा रकाना निळसर डाग होऊन बसला होता. व्हॉल्व्ह कंपनीचं जे छोटं कार्ड पेशंटला देतात ते आम्हाला कधी मिळालं की नाही, हे दादालाही आठवेना. भरतीच्या वेळी मिळालेल्या आयपी नंबरातले शेवटचे आकडे मात्र भिंग लावून वाचता आले.

तो नंबर घेऊन मी मुंबईला गेलो. मेडिकल रेकॉर्डची खोली रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत होती. खिडकीवरच्या कारकुनाने पहिला प्रश्न विचारला, "पेशंटचे कोण?" दीर म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. नवरा, आई-वडील, मुलं असतील तर ठीक, नाहीतर पेशंटच्या सहीचं संमतिपत्र आणि दोघांचे आधार. हा नियम योग्य आहे, कुणीही येऊन कुणाचीही फाईल मागू नये. मी व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाखवला, तो चालला नाही, मूळ सही हवी. वॉर्डातल्या खाटेवर वहिनीने कागदावर सही केली, दादाने ते पाकीट रात्रीच्या खाजगी बसच्या ड्रायव्हरकडे दिलं, आणि सकाळी मी बोरिवलीला नॅशनल पार्कपाशी उभं राहून ते उतरवून घेतलं. आंब्याच्या पेट्या आणि गणपतीचे निरोप ज्या गाड्यांनी येतात, त्याच गाडीने एका पेशंटची संमती आली. फायबर केबल गावापर्यंत पोचलेली असताना.

मग नाव जुळेना. आधारवरचं नाव आणि मुंबईच्या नोंदीतलं नाव यांत फरक होता, तिथे तिचं माहेरचं लाडकं नाव लागलं होतं, रेशनकार्डावर तेव्हा तसंच होतं म्हणून. दोन्ही नावांची एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तेही केलं.

या टप्प्यावर एक नियम कामी आला. तो सगळ्यांनी लक्षात ठेवावा. भारतीय वैद्यक परिषदेचे डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे विनियम आहेत. त्यांतल्या १.३.२ मध्ये म्हटलं आहे की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने वैद्यकीय नोंदी मागितल्या तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. मी अर्जात हे कलम लिहिलं, आणि अर्ज आवक-जावकला देऊन शिक्का घेतला. खिडकीवरचा सूर बदलला, ते खरं. कारकून स्वतः उठून आत गेले, धुळीने माखून बाहेर आले. त्या सालचे गठ्ठे दुसऱ्या गोदामात हलवले होते आणि त्यांतले काही पावसाने गेले होते. आमचा आयपी नंबर ज्या गठ्ठ्यात असायला हवा, तो गठ्ठाच मिळाला नाही.

त्याच विनियमांत १.३.१ म्हणतं, आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवाव्यात. तीन वर्षं! व्हॉल्व्ह बसवला तेव्हा वहिनी तिशीत होती. ती गोळी तिला मरेपर्यंत घ्यायची आहे. ज्या उपचाराची देखरेख आयुष्यभर करायची, त्याची नोंद तीन वर्षं ठेवली की डॉक्टरचं कर्तव्य संपतं, हे ज्यांनी लिहिलं त्यांनी असा पेशंट डोळ्यांसमोर आणला नसावा. बरीच सरकारी रुग्णालयं याहून जास्त काळ कागद ठेवतात. पण ठेवणं म्हणजे गोदामात टाकणं, आणि कोकणातलं असो की मुंबईतलं, आपल्या हवेत गोदामातला कागद जगत नाही.

मी तिथल्या बाकावर बसून होतो. कारकून चहा प्यायला निघाले तेव्हा माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "व्हॉल्व्हचे पैसे कुणी दिले होते?" त्यांच्या त्या एका वाक्याने काम झालं. मी समाजसेवा विभागात गेलो. त्या वेळच्या बाई निवृत्त झालेल्या, पण मदतीच्या नोंदींचं रजिस्टर होतं आणि त्यात ट्रस्टचं नाव होतं. ट्रस्टच्या कचेरीत गेलो. तिथल्या वयस्क बाईंनी साल विचारलं, लोखंडी कपाट उघडलं आणि थोड्या वेळात वहिनीच्या नावाची फाईल टेबलावर ठेवली. आत रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, डॉक्टरांचं पत्र, आणि व्हॉल्व्हच्या बिलाची प्रत. मायट्रल, दोन पात्यांचा, माप २५.

मायट्रल व्हॉल्व्हच्या मापांत २५ म्हणजे लहान. मी तिथूनच फोटो पाठवला. फिजिशियनचा फोन आला, "हेच हवं होतं. यावरून दाब समजतो." त्यांनी एको पुन्हा नीट बघितला, पाती दोन्ही मोकळी हलत होती. शिवाय हृदयशस्त्रक्रिया विभागातल्या एका प्राध्यापकांनी थिएटरच्या रजिस्टरमधली ओळ शोधून लेटरहेडवर दाखला लिहून दिला, त्यात ऑपरेशनची तारीख आणि तेच माप होतं. त्यांना मी ओळखत नव्हतो. ओपीडी संपल्यावर त्यांनी स्वतःहून हे केलं.

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यातून एकच गोष्ट जाईना. रुग्णालयाची फाईल गेली आणि ट्रस्टची टिकली. पैशाचा हिशेब ऑडिटला दाखवावा लागतो म्हणून बिल जपलं गेलं. वहिनीच्या हृदयाची नोंद पुढे कुणी मागेल, असं कुणाच्याच कामात धरलेलं नव्हतं.

नोंद माणसाच्या मागे जाणं ही गोष्ट आपल्याकडे होऊच शकत नाही, असं मला कुणी सांगू नये. आमच्या बंदरावर नेपाळी खलाशी असतात. त्यांतल्या एकाला क्षयरोग निघाला. त्याची नोंद नि-क्षय पोर्टलवर झाली, आयडी मिळाला. जूनमध्ये मासेमारी बंद झाल्यावर तो दुसऱ्या राज्यात भावाकडे गेला तेव्हा त्याचं नाव इथून तिकडच्या केंद्राकडे ऑनलाइन वर्ग केलं आणि तिथल्या कर्मचाऱ्याने त्याला फोन करून बोलावलं. गोळ्यांचा कोर्स तुटला नाही. गरोदर बाईचंही तसंच, माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या हातात असतं, आरसीएच हा माता-बाल नोंदणीचा नंबर असतो, बाळंतपणाला माहेरी गेली तरी तिथली सिस्टर कार्ड उघडून सगळं वाचते. म्हणजे माणसं तीच, केंद्र तेच, नेटवर्कही तेवढंच रडतखडत चालणारं. जिथे दिल्लीपर्यंत आकडा पोचवायचा असतो तिथे नोंद माणसाच्या मागे जाते. जिथे नोंदीचा उपयोग फक्त पेशंटलाच, तिथे ती जागच्या जागी बसते. हे माझं मत आहे, आणि वर्षानुवर्षं सरकारी पोर्टलं भरत आल्यावर झालेलं आहे.

आता आभाबद्दल, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य ओळख नंबराबद्दल. तो असताना ही अडचण का, हा प्रश्न मला हमखास विचारतील, म्हणून. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. आभाचा चौदा अंकी नंबर मी स्वतः गावातल्या बहुतेक घरांना काढून दिला आहे, वहिनीचाही. कल्पना उत्तम आहे. पेशंटने मोबाईलवर संमती दिली की एका रुग्णालयातली नोंद दुसऱ्याला दिसते, कागद एकाच ठिकाणी साठवायचीही गरज नाही. जिल्ह्याच्या खिडकीवर क्यूआर कोडचा फलक लागलेला आहे, स्कॅन केलं की नाव-पत्ता आपोआप जातो आणि टोकन मिळतं. वहिनीचं टोकन तसंच काढलं. पण नंतर ॲप उघडून बघितलं तर नोंदींच्या ठिकाणी काहीच नव्हतं. कारण डॉक्टर लिहितात कागदावर. कागदावरचं कुणीतरी संगणकात भरून त्या नंबराला जोडल्याशिवाय ते दिसणार कसं? एका डॉक्टरमागे सकाळभर दीडशे पेशंट असताना हे टायपिंग कोण करणार? खिडकीवरची रांग कमी झाली, आणि ते चांगलंच. आतल्या खोलीत मात्र पुन्हा तेच: "आधीचे कागद?" त्या आतल्या खोलीत एक डेटा ऑपरेटर बसवा. माझ्यासारखी बारावी झालेली, टायपिंग येणारी मुलं प्रत्येक गावात मोकळी बसली आहेत. निदान डिस्चार्ज कार्ड तरी टाईप करून जोडलं जावं, एवढ्याने निम्मा प्रश्न सुटेल.

वहिनीचं ऑपरेशन शेवटी जिल्ह्यातच झालं आणि व्यवस्थित झालं. ज्या डॉक्टरांनी, सिस्टरांनी, मामांनी तिला सांभाळलं त्यांचे उपकार आहेत. पण डिस्चार्जच्या वेळी कार्डावर व्हॉल्व्हचं माप लिहिलेलं नव्हतं. मी परत आत गेलो आणि लिहून घेतलं.

आम्ही गावाकडून दोन पत्रं दिली, एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि एक जिल्हा शल्य चिकित्सकांना, कारण मालक दोन. मागणी अशी केली की रक्त पातळ करणारी औषधं, फिट्सच्या गोळ्या, डायलिसिस, इन्सुलिन, औषधाची ॲलर्जी असे पेशंट प्रत्येक आरोग्य केंद्राने माणसाप्रमाणे, एका कायम नंबराने नोंदवावेत आणि पाठवणीच्या चिठ्ठीला वॉर्डातल्या शेवटच्या पानाची झेरॉक्स जोडणं सक्तीचं करावं. एका कार्यालयाने 'आवश्यक कार्यवाहीस्तव' म्हणून पत्र दुसऱ्याकडे पाठवलं. दुसऱ्याकडून अजून काही आलेलं नाही. आमच्या केंद्रातल्या नव्या डॉक्टर मॅडमनी मात्र वाट बघितली नाही. आशाताईंकडून घरोघरची माहिती घेऊन त्यांनी एक वेगळी वही घातली आहे, प्रत्येकाला एक पान. खिडकीवरच ती वही उघडली जाते. वहिनीच्या पानावर लाल शाईत वॉरफेरिन, मायट्रल, २५, आणि प्रत्येक आयएनआर तारखेसकट आहे. मॅडमची बदली झाली की ती वही राहील का, याची मला काळजी आहे. म्हणून रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत तिची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावली.

तुमच्या घरी ऑपरेशन झालेलं माणूस असेल आणि ते मुंबईत, कोल्हापूरला किंवा बांबोळीला झालं असेल, तर तीन वर्षांच्या आत तिथे जाऊन ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचा एको किंवा सीटीचा रिपोर्ट शिक्क्यासकट मागून घ्या. मुंबईतला मुलगा-सून असेल तर सणाला येताना हे काम आधी करायला सांगा. पेशंटने सही केलेलं संमतिपत्र आधीच करून ठेवा, नाव आधारवर आहे तसंच लिहून. अर्जात २००२ च्या विनियमांतलं १.३.२ कलम आणि ७२ तास हे शब्द लिहा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.